पदच्युत झालेले जीवनसत्त्व

होळीच्या सुमारास पळस फुलतो. पानांवाचून उभ्या असलेल्या त्या ओबडधोबड झाडावर केशरी फुलांचा जो बहर येतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. ती फुले पाण्यात उकळून रंगपंचमीचा रंग करण्याची रीतही आपल्याला ठाऊक आहे. या फुलांतील रंगद्रव्ये कोणती, याचा शास्त्रीय छडा १९०४ साली आर्थर जॉर्ज पर्किन आणि हमेल या दोन रसायनशास्त्रज्ञांनी लावला. हा पर्किन म्हणजे पहिला कृत्रिम रंग काढून निळीच्या आणि मंजिष्ठेच्या शेतीवर पुढे येणाऱ्या संकटाची नांदी म्हणणाऱ्या विल्यम पर्किनचा मुलगा. बापाने प्रयोगशाळेत रंग निर्माण केले आणि मुलाने उभा जन्म झाडापानांतील रंगांची चिकित्सा करण्यात घालवला. घराण्याचे असे प्रायश्चित्त इतिहासात क्वचितच पाहावयास मिळते!

पळसाचा रंग, कांद्याच्या सालीचा पिवळसर तांबूस रंग, कोकमाचा व जांभळाचा गर्द रंग ही सर्व एकाच विस्तृत गोत्रातील द्रव्ये आहेत. त्या गोत्राचे नाव फ्लेवोनॉइड. लॅटिन भाषेत ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा. त्यावरून हे नाव पडले. इंग्रजीतील चवीच्या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सहा-सहा कार्बन अणूंची दोन कडी आणि त्यांना जोडणारा तीन अणूंचा सांधा, असा पंधरा अणूंचा हा सांगाडा आहे. त्यावर निसर्गाने जे अलंकार चढवले, त्यामुळे या गोत्रात सहा हजारांहून अधिक द्रव्ये झाली. (हळदीतला पिवळा रंग मात्र या घरचा नव्हे. त्याचे कुळ वेगळे. तो मोह आवरावा.) आपल्या देशात प्रा. टी. आर. शेषाद्री यांनी प्रथम वॉल्टेअर येथे आणि नंतर दिल्लीस या द्रव्यांच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी केली. १९६० साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

झाडाला या द्रव्यांचा उपयोग काय, हे आता बऱ्यापैकी कळले आहे. उन्हातील जंबुपार किरणांपासून पानांचे रक्षण करणे, मधमाशीला फुलाकडे बोलावणे, शेंगावर्गीय पिकांच्या मुळांशी असलेल्या जंतूंना इशारा देणे, ही त्यांची कामे. परंतु आज मी आपल्यापुढे मांडणार आहे तो प्रश्न निराळा आहे. रंगाऱ्याच्या कढईतले हे द्रव्य माणसाच्या औषधाच्या बाटलीत कसे शिरले? औषधाच्या दुकानात ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या डबीवर ‘बायोफ्लेव्होनॉइडांसह’ अशी जी अक्षरे आपण वाचतो, त्यांच्या मागे कोणता इतिहास आहे? तो इतिहास हंगेरीत सुरू होतो, आणि त्याच्या आरंभी आहे मिरची.

आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांचा जन्म १८९३ सालचा, बुडापेस्टचा. पहिल्या महायुद्धानंतर देशाची शकले झाली, आणि हा तरुण वैद्य पोटासाठी व विद्येसाठी युरोपभर हिंडला. हॉलंडात असताना त्याला अधिवृक्क ग्रंथींमध्ये एक विलक्षण द्रव्य आढळले. सहज ऑक्सिडीकरण होणारे, साखरेसारखे, पण साखर नव्हे. पुढे केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्याने ते स्फटिकरूपात वेगळे केले. नाव काय द्यावे? ते काय आहे हेच माहीत नसल्यामुळे त्याने ‘मला ठाऊक नाही’ अशा अर्थाचा ‘इग्नोज’ हा शब्द सुचवला. नियतकालिकाच्या संपादकांना ही थट्टा रुचली नाही. तेव्हा त्याने ‘देवालाच ठाऊक’ अशा अर्थाचे ‘गॉडनोज’ हे दुसरे नाव पाठवले! अखेरीस १९२८ साली ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ या सोवळ्या नावाने तो निबंध छापला गेला.

हे द्रव्य म्हणजेच स्कर्व्ही हा रोग टाळणारे ‘क’ जीवनसत्त्व, ही गोष्ट १९३२ मध्ये स्पष्ट झाली. सेंट-ग्यॉर्गी तेव्हा मायदेशी, सेगेद या गावच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. पिट्सबर्ग येथील चार्ल्स किंग यांनीही लिंबाच्या रसावर काम करून हाच निष्कर्ष त्याच सुमारास काढला, आणि अग्रमानाचा वाद पुष्कळ वर्षे चालला. त्या वादात मी शिरत नाही. खरी अडचण अशी होती की, द्रव्य हाती होते ते चिमूटभर. जनावरांच्या ग्रंथींतून काढायचे तर कत्तलखाने पालथे घालावे लागत. त्यासाठी त्यांनी अमेरिकेची वारीही केली होती. आणि सेगेद हे गाव तर पेपरिकाचे, म्हणजे तांबड्या गोडसर मिरचीचे, माहेरघर. पोर्तुगीजांनी गोव्यास जी मिरची आणली, तिचीच ही भावंड; तिकडे ती तुर्कांच्या वाटेने पोहोचली. एका रात्री पत्नीने जेवणात ताजी पेपरिका वाढली. प्राध्यापक महाशयांना ती खावीशी वाटेना. पण नकार कसा द्यावा? तेव्हा या फळाची परीक्षा आपण अद्याप केलेली नाही, अशी सबब काढून ते ती मिरची घेऊन थेट प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळले की, मिरची ही ‘क’ जीवनसत्त्वाची खाण आहे. ही हकिगत त्यांनीच सांगितलेली आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे दुर्मिळ द्रव्य ग्रॅमऐवजी किलोच्या मापाने निघू लागले.

आता आपल्या विषयाचा धागा येथून सुटतो. शुद्ध स्फटिक विपुल नव्हते त्या काळात ऑस्ट्रियातील एका सहव्यवसायी डॉक्टराचे त्यांना पत्र आले. या गृहस्थांना त्वचेखाली रक्त झिरपण्याची व्याधी होती. त्यांना ‘क’ जीवनसत्त्व वापरून पाहायचे होते. सेंट-ग्यॉर्गींनी जे हाताशी होते ते, म्हणजे पेपरिकाचा अर्धवट शुद्ध केलेला अर्क, पाठवून दिला. रोगी बरा झाला. पुढे शुद्ध द्रव्याचा साठा झाल्यावर त्यांनी आपले मित्र इश्तवान रुसन्याक यांच्यासह तशाच रोग्यांवर शुद्ध ‘क’ जीवनसत्त्वाचा प्रयोग केला, तर गुण येईना!

श्रोतेहो, अशा वेळी दोनच अनुमाने संभवतात. एक, पहिला रोगी आपोआप बरा झाला. दुसरे, अर्कातल्या गाळात आणखी काही औषधी होते. संशोधकाचे मन दुसऱ्याकडे धावते, आणि ते धावले म्हणून त्याला दोष देता येणार नाही. कारण असे गाळ उपसूनच जीवनसत्त्वांचा शोध लागलेला होता. त्यांनी लिंबाच्या रसातून आणि पेपरिकातून तो गाळ वेगळा केला. त्यात सापडली ती फ्लेवोनॉइडे. लिंबातील मिश्रणास ‘सिट्रिन’ असे नाव मिळाले. त्यातील मुख्य घटक हेस्पेरिडिन. आणि ते काही नवे नव्हते. फ्रान्सच्या लेब्रेतोंने ते १८२८ सालीच संत्र्याच्या सालीतून काढले होते. शंभर वर्षे ते रसायनशाळेच्या फडताळात पडून होते, त्याला एकाएकी वैद्यकाचे सिंहासन मिळाले.

रुसन्याक यांच्या रोग्यांवर सिट्रिनचा परिणाम अनुकूल दिसला. केशवाहिन्या, म्हणजे केसाहून बारीक अशा रक्ताच्या नळ्या, किती चिवट आहेत हे पाहण्याची त्या वेळची पद्धत साधी होती: दंडावर पट्टा आवळून किंवा त्वचेवर निर्वात पेला लावून त्याखाली तांबड्या ठिपक्या किती उठतात ते मोजायचे. सिट्रिन दिल्यावर ठिपक्या कमी झाल्या. १९३६ च्या जुलैमध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात रुसन्याक आणि सेंट-ग्यॉर्गी यांचे टिपण प्रसिद्ध झाले. फ्लेवोनॉल ही जीवनसत्त्वे आहेत, असे त्याच्या मथळ्यातच सुचवले होते, आणि नाव दिले होते ‘पी’ जीवनसत्त्व. केशवाहिन्यांच्या पार्यतेस इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे हे आद्याक्षर. पेपरिकाचेही तेच, हा योगायोग!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘जीवनसत्त्व’ ही नुसती स्तुती नव्हे. ती एक कडक पदवी आहे. जे आहारात नसेल तर माणसास निश्चित रोग जडतो, आणि जे दिले असता तो रोग निश्चित हटतो, त्यासच ती लागू पडते. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस या रोगांनी आपापल्या जीवनसत्त्वांची साक्ष रक्तमांसाने दिली होती. ‘पी’ला साक्षीदार कोण? बेंटसाथ या सहकाऱ्याने गिनिपिगांना स्कर्व्ही आणणारा आहार देऊन त्यांतील काहींना सिट्रिन दिले. सिट्रिनवाले जास्त दिवस जगले. बस्स, सिद्धता झाली असे वाटले.

परंतु लंडनच्या लिस्टर संस्थेत झिल्व्हा नावाचे एक चिकाटीचे संशोधक होते. लिंबाच्या रसातील स्कर्व्हीनाशक द्रव्याच्या मागे त्यांनी वर्षानुवर्षे घालवली होती. त्यांनी १९३७ मध्ये तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांना फरक दिसला नाही. मग प्रथम प्रयोगाकडे पुन्हा पाहणे प्राप्त झाले. तेव्हा निघाले ते असे की, सिट्रिनच्या मिश्रणात ‘क’ जीवनसत्त्वाचा अत्यल्प अंश राहून गेला असावा. गिनिपिग जास्त जगले ते त्या अंशावर. किंवा फार तर असे म्हणता येईल की, फ्लेवोनॉइडाने तो अंश जपून वापरण्यास मदत केली. या गफलतीतला विनोद पाहा. आधी अशुद्ध ‘क’ मधला मळ हे नवे जीवनसत्त्व ठरले, आणि आता अशुद्ध ‘पी’ मधला मळ म्हणजे जुने ‘क’! ज्या वर्षी हा संशय छापून आला, त्याच वर्षी सेंट-ग्यॉर्गींना नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात ते जैव ऑक्सिडीकरणाच्या व ‘क’ जीवनसत्त्वाच्या कार्याबद्दल होते, ‘पी’बद्दल नव्हे.

त्यांनी हट्ट धरला नाही, ही गोष्ट मला त्या पारितोषिकाइतकीच मोलाची वाटते. सिट्रिनचे कार्य ‘क’ च्या सान्निध्याशिवाय दिसत नाही, हे त्यांनी मान्य केले आणि आपले लक्ष स्नायूंच्या रसायनाकडे वळवले. स्नायू आकुंचन कसा पावतो यासंबंधी पुढील काही वर्षांत सेगेदला जे काम झाले, ते कित्येकांच्या मते त्यांचे श्रेष्ठ काम होय. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९८६ साली तेथेच वारले. रुसन्याक मायदेशीच राहिले व हंगेरीच्या विज्ञान अकादमीचे दोन दशके अध्यक्ष होते.

मात्र जनकाने सोडून दिलेले मूल व्यापाऱ्याने आणि वैद्याने उचलले. याचे श्रेय मुख्यतः रुटिन या द्रव्याकडे जाते. आपल्या अंगणात लहान मुलांच्या खोकल्यासाठी लावतात त्या सतापीचे लॅटिन नाव ‘रुटा’. तिच्यातून जर्मनीत १८४२ मध्ये हे द्रव्य मिळाले, म्हणून ते रुटिन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कृषिखात्याची फिलाडेल्फियाजवळची प्रयोगशाळा तंबाखूचे काही नवे उपयोग निघतात का, हे शोधत होती. तेथे काउच या रसायनज्ञास तंबाखूत रुटिन आढळले. पण तंबाखू महाग पडे. नंतर लक्षात आले की, बकव्हीट या धान्याच्या हिरव्या पाल्यात रुटिन रगड आहे. उत्तर हिंदुस्थानात उपवासाला ज्याचे पीठ चालते तो हा कुट्टू. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ग्रिफिथ यांनी रक्तदाब वाढलेल्या व केशवाहिन्या ठिसूळ असलेल्या रोग्यांना रुटिन देऊन आशादायक वृत्ते प्रसिद्ध केली. रक्तदाबावर धड औषध नव्हते असा तो काळ. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस आडवा होई, आणि डॉक्टर मीठ कमी करा, विश्रांती घ्या, याखेरीज फारसे काही सांगू शकत नसे. अशा वेळी एका निरुपद्रवी पिवळ्या भुकटीवर लोकांनी भिस्त ठेवली, यात नवल नाही. उणीव होती ती एवढीच की, तुलनेसाठी निरौषध गोळी घेणाऱ्या रोग्यांचा नीट निवडलेला दुसरा गट या प्रयोगांत बहुधा नसे.

१९५० मध्ये अमेरिकेतील जीवरसायन व पोषण या विषयांच्या संस्थांच्या संयुक्त समितीने ‘पी जीवनसत्त्व’ ही संज्ञा सोडून द्यावी अशी शिफारस केली. पदवी गेली, परंतु धंदा गेला नाही. ‘बायोफ्लेव्होनॉइड’ हे नवे नाव रूढ झाले आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीने या विषयावरील निबंधांचा एक जाडजूड खंडही काढला. सर्दीपासून गर्भपातापर्यंत नाना तक्रारींवर ही द्रव्ये दिली जात होती. मग थॅलिडोमाइडचा अनर्थ घडला. त्याने जगाचे डोळे उघडले आणि १९६२ च्या अमेरिकन कायद्याने औषध निर्धोक असणे पुरेसे नाही, ते गुणकारी आहे हेही सिद्ध केले पाहिजे, असे ठरवले. जुन्या औषधांचीही तपासणी झाली. १९६८ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की, रुटिन, हेस्पेरिडिन इत्यादी फ्लेवोनॉइड औषधे कोणत्याही रोगावर गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा नाही. जीवनसत्त्वाची पदवी अठरा वर्षांपूर्वी गेली होतीच, आता औषधाची वस्त्रेही उतरली.

मग आज ती दुकानात कशी? त्याचे उत्तर रसायनात नाही, कायद्यात आहे. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने ‘आहारपूरक’ असा एक वर्ग निर्माण केला. या वर्गातील वस्तूने विक्रीपूर्वी आपला गुण सिद्ध करावा लागत नाही. रोग बरा करतो असे म्हणावयाचे नाही, इतकेच पथ्य. ‘केशवाहिन्यांच्या आरोग्यास साहाय्यक’ असे म्हणता येते. जे द्रव्य पुढच्या दाराने हाकलले गेले, ते मागच्या दाराने सन्मानाने आत आले. आपल्याकडेही २०१६ च्या नियमांनी अशा पूरकांना स्वतंत्र वर्ग दिला. त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. ती ओळ वाचणारे गिऱ्हाईक किती, हा प्रश्न मी आपल्यावर सोडतो.

पण शास्त्राने हा विषय टाकून दिला होता असे समजू नका. १९९३ मध्ये हॉलंडातील झुटफेन गावच्या ८०५ वृद्ध पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या आहारात रोज सरासरी २६ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लेवोनॉइडे होती, आणि ती येत होती मुख्यतः चहातून, त्यापाठोपाठ कांद्यातून आणि सफरचंदांतून. ज्यांच्या आहारात ती जास्त, त्यांच्यात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू कमी. जगभर आनंदीआनंद झाला. चार वर्षांनी वेल्समधील केअरफिली येथील पाहणी आली. तेथील पुरुषही चहाचे भोक्ते; पण त्यांना असा काही लाभ दिसला नाही, उलट एकूण मृत्यूचे प्रमाण किंचित जास्तच आढळले. वेल्सची माणसे चहात दूध घालतात म्हणून असे झाले की काय, अशी शंका संशोधकांनी काढली. आपल्या अमृततुल्याच्या भक्तांना ही शंका विचारात पाडील. पण कामगार अधिक चहा पितो, अधिक धूम्रपान करतो, अधिक कष्टतो, हे दुसरे स्पष्टीकरणही तितकेच संभवनीय होते. पाहणीतून संबंध दिसतो, कारण दिसत नाही.

त्या दशकात ‘अँटिऑक्सिडंट’ हा मंत्र सर्वतोमुखी झाला. परीक्षानळीत ही द्रव्ये विध्वंसक मुक्त मूलकांना खरोखरच गिळतात. परंतु पोट ही परीक्षानळी नव्हे. हॉलंडातच काही स्वयंसेवकांवर प्रयोग झाला, त्यात कांद्यातील क्वेर्सेटिनचा सुमारे निम्मा भाग शोषला गेला, तर शुद्ध क्वेर्सेटिनचा चौथा हिस्सा आणि रुटिनचा त्याहूनही कमी. म्हणजे बाटलीपेक्षा लासलगावचा कांदा सरस! आणि जे शोषले जाते, त्यावर आतड्याची भिंत व यकृत लगोलग संस्कार करून त्याचे रूप पालटून टाकतात. रक्तात उरते ते फारच थोडे. अमेरिकेच्या कृषिखात्याने पदार्थांच्या अशा नळीतल्या शक्तीचा एक तक्ता प्रसिद्ध केला होता. त्याचा जाहिरातीत गैरवापर होऊ लागल्यावर २०१२ मध्ये तो मागे घेतला.

मोठा, निरौषध गोळीशी तुलना करणारा प्रयोग शेवटी २०२२ मध्ये हाती आला. अमेरिकेतील २१,४४२ वयस्क स्त्रीपुरुषांपैकी निम्म्यांना कोकोच्या अर्कातून रोज ५०० मिलिग्रॅम फ्लेवनॉल दिले होते. साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळात हृदयविकार, पक्षाघात इत्यादी सर्व घटना मिळून जो मुख्य निकष ठरवला होता, त्यात निश्चित फरक दिसला नाही. हृदयविकारादी कारणांनी झालेले मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. पण तो दुय्यम निकष. प्रयोगास चॉकलेटच्या धंद्यातील कंपनीचे साहाय्य होते, हे प्रयोगकर्त्यांनी लपवले नाही. मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आणि पोटप्रश्नाचे ‘कदाचित’ असे आले, तर जाहिरातदार कोणते उत्तर छापतो, हे सांगावयास नको.

‘वनस्पतीचे आहे, अपाय कसला?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. हिरव्या चहातील मुख्य फ्लेवनॉल कपातून घेतल्यास बहुधा निरुपद्रवी. परंतु त्याचाच गाळीव अर्क गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला. एका वेळी दहावीस कप चहा कोणी पीत नाही. गोळी मात्र तेवढा चहा एका घोटात पोटात उतरवते.

आणि त्या ऑस्ट्रियन डॉक्टराच्या झिरपणाऱ्या रक्ताचे काय? गंमत अशी की, हेस्पेरिडिन आणि त्याचे भावंड डायोस्मिन यांची अतिसूक्ष्म दळलेली गोळी आज युरोपात व आपल्या देशातही फुगलेल्या शिरांसाठी आणि मूळव्याधीसाठी डॉक्टर लिहून देतात. या वर्गातील औषधांच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रन या संस्थेने घेतला आहे. २०१२ च्या आढाव्यात मूळव्याधीतील रक्तस्राव अशा औषधांनी कमी होतो असे आढळले. २०२० च्या आढाव्यात पायांच्या शिरांच्या विकारात सूज थोडीशी उतरते, पण रोग्याच्या एकंदर जीवनमानात फारसा फरक पडत नाही, असे निघाले. केशवाहिन्यांची पार्यता, म्हणजे १९३६ साली ‘पी’ या अक्षराने जे सांगायचे होते ते, एवढ्यापुरते आणि एवढ्याच मापाने खरे ठरले आहे. ही द्रव्ये ज्या संत्र्याच्या सालीच्या आतील पांढऱ्या पडद्यात भरपूर असतात, तो पडदा नागपूरची संत्री खाताना आपण नखाने काळजीपूर्वक सोलून टाकतो.